जाईला कात्री लावण्यापूर्वी

जाईची वेल सहसा मरत नाही. ती फुलायची थांबते. बुंधा मनगटाएवढा, पानं हिरवीगार, फांद्या गच्चीच्या कठड्यावरून उतरून खालच्या मजल्याच्या खिडकीत डोकावणाऱ्या, आणि ऐन श्रावणात ताटलीचा तळही झाकणार नाही एवढीच फुलं. बागकामाबद्दल लोक मला जे विचारतात त्यात हाच प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. खत घालतो, रोज पाणी घालतो, मग फुलत का नाही? विचारणाऱ्याचा सूर जरा दुखावलेला असतो. एवढं केलं आणि वेलीनं जाणीव ठेवली नाही, असं काहीतरी.

अर्धं उत्तर प्रश्नातच असतं. भरपूर खत आणि रोज पाणी, म्हणूनच फुलत नाही. उरलेलं अर्धं कात्रीत आहे, आणि कात्रीचं नाव काढलं की हौशी माणूस विषय बदलतो. ही पुस्तिका त्या विषय बदलणाऱ्या माणसासाठी आहे. लागवड, जागा, माती, पाणी, आधार, कीड हे सगळं पुढच्या प्रकरणांत आहेच. पण ते वाचून छाटणीचं प्रकरण गाळायचं असेल, तर पुस्तिका मिटून ठेवलेली बरी.

या वेलींवर मराठीत लिहायचं तर सुरुवात ठरलेली असते. आधी ज्ञानेश्वरांचा मोगऱ्याचा अभंग, मग आजीची वेणी, मग पावसाळी संध्याकाळ. यातलं काहीच खोटं नाही. पण त्यानं कुणाच्या कुंडीत एक कळी जास्त धरली असं मी पाहिलेलं नाही. म्हणून या प्रस्तावनेत अभंग नाही. आजी एकदा येते, तीही पाला चघळायला सांगण्यापुरती.

आधी आपल्याकडे नेमकी कोणती वेल आहे ते पाहू, कारण छाटणीचा महिना त्यावर ठरतो. फुलावरून ओळखायला फूल यावं लागतं. पान बारा महिने असतं. जाईचं पान संयुक्त. एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला एक, अशी ५ ते ९ पानं मोजता येतात. कळीच्या पाठीवर गुलाबी झाक असते. जुईचं मधलं पान मोठं आणि त्याच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन चिमुकली पानं. कधी कधी तीही नसतात. फूल जाईहून लहान, पण झुबका दाट. मोगऱ्याचं पान साधं, रुंद, जरासं चकाकणारं, जोडीजोडीनं येणारं. मोगरा खरं तर झुडूप आहे. वेलमोगरा म्हणून जो मिळतो तो फांद्या लांबवतो आणि आधारावर रेलतो एवढंच. थंडीत फुलणाऱ्या कागड्याच्या पानाफांद्यांवर बारीक लव असते आणि वास नावापुरता. गजऱ्यात तो भर घालतो, गच्चीत लावून मात्र निराशा होते.

रोपवाटिकेत ‘चमेली’च्या पाटीखाली जे रोप असतं ते बहुधा आपली जाईच असते, कारण हिंदीत तिलाच चमेली म्हणतात. एकदा जाई आणि एकदा चमेली असे दोनदा पैसे मोजू नयेत. रातराणी या कुळातली नव्हे, ती वांगी-टोमॅटोच्या घरातली. मधुमालती आणि कुंतीही वेगळ्या कुळांतल्या. हल्ली ‘स्टार जास्मिन’ या नावानं एक वेल महाग विकली जाते. तिचं पान खुडलं की पांढरा चीक येतो. जाई-जुई-मोगऱ्यात चीक नसतो, एवढी खूण पुरते. यांचं खरं नातं निघतं ते ऑलिव्हशी आणि आपल्या पारिजातकाशी. ते सगळे एकाच कुळातले.

आता मुद्द्याकडे. जाई, जुई आणि मोगरा या तिन्ही वेलींना फूल येतं ते नव्या फुटीवर. गेल्या वर्षीच्या जून फांदीवर कळी धरत नाही; त्या फांदीच्या डोळ्यातून यंदा जो कोवळा फुटवा निघतो, त्याच्या टोकाला आणि टोकाजवळच्या पानांच्या बेचक्यात कळ्यांचा झुबका येतो. म्हणजे वेल कितीही पसरली तरी फुलं मोजायची ती नव्या शेंड्यांच्या हिशेबानं. दहा वर्षं न छाटलेल्या वेलीला शेंडे असतात, पण थोडे, लांब गेलेले आणि उन्हासाठी सगळे वरच्या थरात गर्दी केलेले. खाली नुसत्या काटक्या. शेंडा जोवर जिवंत आहे तोवर खालच्या डोळ्यांना तो दाबून ठेवतो. शेंडा कापला की ते जागे होतात. आणि या वेलींची पानं समोरासमोर असल्यामुळे प्रत्येक पेरावर डोळे दोन असतात. एका कापातून दोन फुटवे, त्या दोघांच्या टोकांना दोन झुबके. ते फुलून गेल्यावर पुन्हा दोन पेरं खाली कापलं तर चार. वहीत मांडून पाहिलं तर हात शिवशिवायला लागतात. प्रत्यक्षात ऊन, मुळं आणि कुंडीचा आकार त्या हिशेबाला लगाम घालतात, तो भाग वेगळा.

ज्यांचं पोट फुलांवर चालतं त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. तमिळनाडूत जाईला पिच्ची आणि जुईला मुल्लै म्हणतात, आणि तिथे ही शेतातली पिकं आहेत. कोइमतूरचं कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना सांगतं की मोगरा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जमिनीपासून ५० सेंटीमीटरवर आणि जाई-जुई जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ४५ सेंटीमीटरवर छाटा. ४५ सेंटीमीटर म्हणजे गुडघ्याएवढं. दरवर्षी. २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालेला मदुराईचा मोगरा ज्या शेतांतून येतो तिथे जानेवारीत गेलात, तर ओळीनं उभे खुंट दिसतील आणि त्यांच्यावर चढलेली कोवळी लालसर-हिरवी फूट. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात जव्हार-विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा धरलाय, वसईची फुलं वर्षानुवर्षं पहाटेच्या लोकलनं दादरच्या बाजारात उतरताहेत. त्या कुठल्याही वाडीत गच्चीवरच्यासारखी माजलेली वेल सापडणार नाही. गोव्यात मार्दोळची जाई अशीच नावाजलेली. पावसाळा सरत असताना म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते तेव्हा देवीचा गाभारा त्या फुलांनी भरून जातो. एवढं फूल एका हंगामात, ठरलेल्या दिवसाला, हवं तर ते वेलीच्या मर्जीवर सोडून चालत नाही. हौशी माणसाला वेलीचं वय आणि पसारा यांचा अभिमान असतो. फुलकाराला फक्त परडी दिसते. माझं मत विचाराल तर या एका बाबतीत फुलकाराची नजर उसनी घ्यावी.

अर्थात घरच्या वेलीला सरसकट गुडघ्यावर आणा असं मी म्हणत नाही. मांडवावर किंवा जाळीवर चढवलेली वेल असेल तर तीन-चार मुख्य खोडं सांगाडा म्हणून ठेवायची आणि त्यांच्यावरून निघालेल्या सगळ्या बाजूच्या फांद्या दोन-दोन पेरांवर आणायच्या. सुकलेली, आत वळलेली, एकमेकींवर घासणारी फांदी मुळापासून काढायची. कुंडीतली वेल निम्म्यावर. वर्षानुवर्षं हात न लावलेल्या म्हाताऱ्या वेलीला मात्र एकाच वर्षी धक्का देऊ नये. यंदा निम्मी खोडं खाली आणावीत, उरलेली पुढच्या वर्षी. छाटणी झाल्यावर तीन-चार आठवडे वेल उघडीबोडकी दिसते. घरातली माणसं बोलतात. शेजारीही बोलतात. तेवढं ऐकून घ्यावं लागतं.

कात्रीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. जाईच्या तेलातून १९६२ साली रसायनशास्त्रज्ञांनी एक सुवासिक द्रव्य वेगळं काढलं, मिथाइल जास्मोनेट. बरीच वर्षं ते अत्तरवाल्यांच्या कामाचं द्रव्य एवढीच त्याची ओळख होती. पुढे कळलं की या जातीची द्रव्यं जवळपास सगळ्याच झाडांत असतात आणि पान फाटलं, अळीनं कुरतडलं, फांदी तुटली की झाड ती वेगानं तयार करतं. इजा झाल्याचा निरोप ती झाडभर पोचवतात आणि संरक्षणाची तयारी सुरू होते. १९९० साली अमेरिकेत एका प्रयोगात टोमॅटोची रोपं आणि सेजब्रश नावाच्या झुडपाच्या फांद्या एकाच बंद भांड्यात ठेवल्या गेल्या. झुडपातून हवेत आलेल्या मिथाइल जास्मोनेटमुळे टोमॅटोच्या धड पानांतही किड्यांना अपायकारक प्रथिनं तयार झाली. कात्री लागल्यावर झाड गप्प बसत नाही, एवढं यातून घ्यावं. वाढलेल्या फांदीची दया येणाऱ्यांना याचा दिलासा वाटेल की आणखी अपराधी वाटेल, ते ज्याचं त्यानं पाहावं.

छाटणीइतकाच महत्त्वाचा शब्द म्हणजे ताण. नागपूरच्या संत्रेवाल्याला आणि सोलापूरच्या डाळिंबवाल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. बहर धरायचा तर आधी पाणी तोडायचं, झाडाला विसावा घ्यायला लावायचं, पानं थोडी गळू द्यायची, मग मशागत, खत आणि पाणी. झाड एकदम फुटतं आणि फुलोरा एका वेळी येतो. जाई-मोगऱ्याचंही तेच आहे. मोगऱ्याला मार्गशीर्षात आणि जाई-जुईला पौष-माघात, छाटणीच्या आधी पाणी कमी करत न्यायचं. जमिनीतल्या वेलीला दोन-तीन आठवडे पाणी नसलं तरी काही होत नाही. कुंडीचं तसं नाही. कुंडीतली माती थंडीतही चार-सहा दिवसांत कोरडी होते आणि मुळांना पळायला जागा नसते. तिथे पानं किंचित मलूल दिसली की थांबायचं आणि थोडंसं पाणी द्यायचं. छाटणी झाली की वरची माती हलवून शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि पाणी सुरू. जून-जुलैत खताचा दुसरा हप्ता. बस. रोज सकाळी चहाचा चोथा बुंध्याशी टाकणाऱ्या घरांची वेल एवढी हिरवी का असते आणि फुलत का नाही, याचं उत्तर बरंचसं त्या चोथ्यात आहे. चोथ्यात नत्र असतं, नत्रानं पाला वाढतो, आणि पाला वाढवण्यात रमलेल्या वेलीला फुलायची घाई नसते.

नत्राच्या आधीही एक गोष्ट येते, ती म्हणजे ऊन. दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर या पुस्तिकेतलं दुसरं काहीही उपयोगाचं नाही. शहरात हे सगळ्यात अवघड. वेल लावली तेव्हा समोर मोकळं मैदान होतं, आता तिथे बारा मजले उभे आहेत, आणि माणूस मात्र खतं बदलून पाहतोय, असं वारंवार दिसतं. कुंडी उचलून दुसऱ्या बाजूच्या गॅलरीत नेणं हा त्यावरचा एकमेव इलाज, तोही कुंडी उचलता येण्याजोगी असेल तर. म्हणून कुंडी १४ ते १६ इंचांची घ्यावी. त्याहून मोठी घेतली की ती जागेला खिळते.

मातीच्या प्रकरणात मी पिवळ्या पानांवर बरीच पानं खर्च केली आहेत, कारण देशावर ही तक्रार घरोघरी आहे. इथल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, आणि बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यानं कुंडीतही क्षार साठतात. अशा मातीत लोह असूनही वेलीला ते उचलता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात. ही खूण लक्षात ठेवावी. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर कारण वेगळं असतं. तिथे बहुधा पाणी जास्त होतंय किंवा नत्र कमी पडतंय. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावं, आणि पान हिरवं होईपर्यंत दर महिन्याला फवारत राहावं. कोकणातल्या लाल जांभ्याच्या मातीत हा त्रास फारसा नाही. तिथे अडचण उलटी, पावसाचं पाणी साठून मुळं कुजण्याची. कोकणात वेल उंचवट्यावर लावावी, देशावर आळ्यात.

आधाराबद्दल थोडक्यात. कारल्याच्या वेलाला धरून चढायला दोऱ्यासारखे तणावे फुटतात. जाईला तसलं काही नसतं. जुई आधाराभोवती वळसे घेत बऱ्यापैकी चढते. जाई फांद्या टाकत पसरते, तिला बांधून बांधून वर न्यावं लागतं. सुतळी वापरा, तार नको. तार खोडात रुतते. आणि मांडव हात पोचेल एवढाच उंच ठेवा. दहा फुटांवर चढवलेली वेल वरच्या मजल्यावरच्यांसाठी फुलते.

‘पूर्वी वेली आपोआप फुलायच्या’ असं वाड्यांतून फ्लॅटमध्ये आलेली पिढी सांगते. मला ते पटत नाही. वाड्यातली वेल जमिनीत होती, मुळांना हवं तेवढं खोल जाता येत होतं, डोक्यावर आभाळ मोकळं होतं. शिवाय तिला रोज हात लागत होता. पहाटे देवासाठी परडी भरली जायची, कुणाचं तोंड आलं की आजी जाईचा पाला चघळायला सांगायची आणि पोरं फांदीच मोडून आणायची. (आयुर्वेदातलं जात्यादि तेल याच पानांचं, जखमेवर ते अजून वापरलं जातं.) मांडव बांबूचा किंवा लाकडाचा असायचा, तो काही वर्षांनी कुजायचा, नवा घालताना वेल खाली उतरवावी लागायची आणि तेव्हा ती चांगलीच कापली जायची. याला कुणी छाटणी म्हणत नव्हतं, एवढंच. आज लोखंडी ग्रिल कुजत नाही, पाला कुणी चघळत नाही, आणि वेल तशीच वाढत राहते.

गंधाच्या प्रकरणाबद्दल आधीच सांगतो, ते या पुस्तिकेतलं सर्वांत निरुपयोगी प्रकरण आहे आणि मला ते सर्वांत आवडतं. फूल पांढरं का, संध्याकाळी का उमलतं, नळी एवढी लांब का, या सगळ्यामागे रात्री उडणारे लांब सोंडेचे पतंग आहेत. पांढरा रंग त्यांना अंधारात दिसतो, वास दुरून बोलावतो, आणि मध नळीच्या तळाशी सोंडेच्या टप्प्यात असतो. वासात फुलांना शोभणारी गोड द्रव्यं असतात, तसं इंडोलही असतं, जे जास्त प्रमाणात असलं तर नाक मुरडावं लागेल असं द्रव्य. जाईचा गंध नुसता गोड न राहता जरा अंगावर येतो, तो त्याच्यामुळे. बंद खोलीत परडीभर जाई ठेवून झोपणाऱ्याचं सकाळी डोकं का चढतं, हेही मग फारसं नवलाचं राहत नाही.

त्यातही जाईची एक खोड अत्तरवाल्यांनी फार पूर्वी हेरली. गुलाब खुडला की त्याचा वास फुलात असेल तेवढाच. जाई खुडल्यावरही तासन्‌तास नवा गंध तयार करत राहते. म्हणून फ्रान्समधल्या ग्रास गावात काचेवर चरबी थापून तिच्यावर ताजी फुलं पसरत आणि रोज बदलत. उत्तर भारतात जौनपूर-गाझीपूरकडे हेच काम तिळावर होई. तीळ आणि फुलं यांचे थरावर थर, फुलं बदलत राहायची, आणि शेवटी तीळ घाण्यात घालून तेल काढायचं. हा फुलेल. आता बहुतेक काम द्रावकानं होतं. एक किलो जाई म्हणजे साधारण ८ ते १० हजार फुलं, आणि टनभर फुलांतून जेमतेम ३ किलो मेणट अर्क निघतो. ही फुलं पहाटे, पूर्ण उमलल्यावर तोडावी लागतात. गजऱ्यासाठी उलट, टपोरी कळी हवी. ती उमलण्याआधी काढली तर संध्याकाळी केसात उमलते. घरी दोन्ही करून पाहता येतं, फक्त एक ध्यानात ठेवावं: संध्याकाळी उमललेली जाई दुसऱ्या दिवशी गळते, वेलीवर ठेवून ती साठत नाही.

किडींवर मी फार लिहिलेलं नाही. कळ्या पोखरणारी अळी मोगऱ्यावर येते. कळी जांभळट पडून गळत असेल तर ते बहुधा एका बारीक माशीचं काम. दोन्हींत गळलेल्या कळ्या वेचून नष्ट करणं हे निम्मं औषध आहे, आणि नेमकं तेच कुणी करत नाही, सगळे बाटली शोधतात. उन्हाळ्यात लाल कोळी पानांमागे जाळी धरतात, तिथे पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. कधीतरी बोटाएवढी जाड, शेपटीशी शिंग असलेली अळी पानं फस्त करताना सापडेल. तिला चिरडू नका. ती मोठी होऊन पाठीवर कवटीसारखी नक्षी असलेला पतंग होते, जो मध चोरायला थेट मधमाश्यांच्या पोळ्यात शिरतो. चार पानांच्या बदल्यात असा चोर पोसायला माझी हरकत नाही. ज्यांची असेल त्यांनी अळी उचलून दुसऱ्या झाडावर ठेवावी.

दोन विनंत्या. एक सह्याद्रीत फिरणाऱ्यांना. माथेरान-महाबळेश्वरच्या वाटांवर उन्हाळ्यात जी पांढरी, अरुंद पाकळ्यांची रानजाई फुलते ती कुसर. तिला वास आहे, देखणेपण आहे, आणि ती उपटून आणलेली घरी जगताना मी पाहिलेली नाही. तिला तिथेच राहू द्या. दुसरी विनंती परदेशातल्या मराठी मंडळींना. सामानातून जाईची फांदी दडवून नेऊ नका, ते कायद्यालाही मंजूर नाही आणि लंडनच्या हिवाळ्यालाही नाही. तिथे जाईचीच जवळची बहीण, जास्मिनम ऑफिसिनाले, सहज मिळते. दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीशी ती उघड्यावर तग धरते आणि तिचा वास जाईच्या फार जवळचा असतो. थंडी सोसत नाही म्हणून ग्रासमध्येसुद्धा जाईचं कलम तिच्याच खुंटावर बांधत. फेब्रुवारीच्या सुमारास तिकडच्या दुकानांत गुलाबी कळ्यांनी लगडलेली एक वेल कुंडीत विकायला असते, ती वेगळी. तिला कळ्या धरायला शरदातल्या थंड रात्री लागतात. गरम केलेल्या दिवाणखान्यात वर्षभर ठेवली की ती पुन्हा फुलत नाही, आणि मग दोष खताला जातो.

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. हातात येईल त्या महिन्यापासून वाचावी. आषाढ-श्रावणात मिळाली तर दाब कलमाच्या प्रकरणाकडे जावं. जमिनीलगतची वर्षभर जुनी फांदी घेऊन पेराखाली तिरका काप द्यायचा, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवायचा. तीन-चार महिन्यांत मुळं फुटतात आणि दिवाळीच्या आसपास नवं रोप वेगळं करता येतं. उन्हाळ्यात मिळाली तर जागा आणि कुंडीचं प्रकरण वाचून थांबावं, पहिल्या पावसापर्यंत काही लावू नये. वेल आधीच फुलांवर असेल तर सुकलेले झुबके दोन पेरांसह कापत राहावेत, एवढं एकच काम. आणि पौषात मिळाली तर वाचण्याआधी कात्रीला धार लावून आणावी. बोथट कात्री फांदी कापत नाही, चिरडते, आणि चिरडलेल्या टोकापासून मर खाली उतरते. छाटून पडलेल्या फांद्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाड निवडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. त्यांचं काय करायचं ते शेवटच्या प्रकरणात आहे.